शिक्केवालीची तिसरी परीक्षा

“झाकण लावलं?”

“लावलं, सर.”

“चष्मा?”

यशोधरानं कपाळावर चढवलेला चष्मा घाईघाईनं डोळ्यांवर ओढला. मागे बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

“हसू नका,” याकोब सर म्हणाले. “चष्मा दुकानात मिळतो, डोळे मिळत नाहीत.”

नगरच्या एमआयडीसीत छोट्या कारागिरांच्या संघानं हे लेझरचं यंत्र सगळ्यांनी मिळून वापरायला आणलं, त्याला वर्ष होत आलं होतं. कपाटाएवढं धूड. आतला किरण डोळ्यांना दिसत नसे, पण लाकूड असो की रबर, लोण्यासारखं कापी. कंपनीचा माणूस ते बसवून त्याच दिवशी मुंबईला परतला, आणि मागोमाग सर आले. तेव्हापासून नियम एकच. आधी सरांची परीक्षा, मग कार्ड. कार्ड नाही, त्यानं यंत्राला हात लावायचा नाही.

यशोधरा दोनदा नापास झाली होती. पहिल्या खेपेला यंत्र चालू ठेवून चहाला गेली. दुसऱ्या खेपेला धूर निघून जायच्या आत झाकण उघडलं आणि अर्धा तास खोकत बसली. आज नापास झाली, तर वर्षभर नाव यादीबाहेर.

वर्षभर टपरी तगणार नव्हती. कोर्टाच्या भिंतीला लागून तिच्या वडिलांची, सहादूदादांची, रबरी शिक्क्यांची टपरी होती. चाळीस वर्षं त्यांनी चिमट्यानं शिशाच्या अक्षराचा एकेक खिळा उचलून उलटी अक्षरं जुळवली. आता हात थरथरायचे. परवाच ‘तहसीलदार’मधला ‘ह’ गळून पडला, आणि साहेबाच्या शिपायानं शिक्का तिच्यासमोर आपटला. गिऱ्हाइकं पुण्याहून शिक्के मागवू लागली होती.

“ताई, आज चहाबिहाला पळू नका बरं का,” कानिफनाथ म्हणाला. तो बक्षिसांच्या ढाली बनवायचा. पहिल्याच खेपेला पास झाल्याचा त्याला फार तोरा.

“तुमी गप बसा. मला आधीच धडधडतंय.”

“सर,” तिनं विचारलं, “सुरुवातीला एकदा तुम्ही करून दाखवता का?”

सरांचे कान लाल झाले. “मी केलं, तर तुम्ही माझे हात बघाल. यंत्र बघणार नाही.”

ती ओशाळली. सरांना राग आला, असं तिला वाटलं. खरं तर विचारायलाच नको होतं. सर यंत्राला कधी हात लावत नसत, हे सगळ्यांना माहीत होतं. दोन हात लांब उभे राहायचे, हात पाठीमागे बांधून, आणि एकेक पायरी विचारायचे. शिकवणारा असावा तर असा, असं कानिफनाथसुद्धा म्हणायचा. भिंतीवरच्या पाटीत कुणी ‘विझवीणे’ लिहिलं, तेव्हा मात्र सरांनी स्वतः खडू घेऊन ते दुरुस्त केलं होतं.

तिनं पडद्यावर अक्षरं उलटी मांडली. ते तिला सांगावं लागत नव्हतं. लहानपणी ती सरळ वाचायला शिकली त्याच्या आधी उलटं वाचायला शिकली होती. रबराचा तुकडा नीट बसवला. धूर बाहेर ओढणारा पंखा लावला. हिरवं बटण दाबलं.

यंत्र घुंई करत चालू लागलं. काचेआड रबरावर बारीक ठिणगी इकडून तिकडे पळत होती.

दारात आसाराम शिपाई आला. “यशोधराताई, फोन हाय. तुमच्या दादांचा. लई घाईत हायेत.”

तिची मान वळली नाही. “दोन मिनिटं धरून ठेवा म्हणावं.”

“अवो, पण...”

“आसारामभाऊ, यंत्र चालू हाय!”

आणि तेवढ्यात रबराच्या कोपऱ्यावर पिवळी ज्योत उभी राहिली.

“आग!” कानिफनाथ उठून धावला. “उघडा, उघडा ते! पाणी आणा रं!”

यशोधराची मूठ आधी लाल बटणावर पडली. यंत्र थांबलं, पंखा थांबला. कानिफनाथचा हात झाकणावर आला तसा तिनं तो झटकून टाकला आणि दोन्ही तळवे झाकणावर रोवले.

“हात लावाल तर खबरदार! उघडलं की वारा लागंल!”

इतक्या पुरुषांसमोर ती जन्मात ओरडली नव्हती. तिनं सरांकडे पाहिलं. सर पांढरेफटक पडले होते. ओठ तेवढे हलत होते, पुढची पायरी मनात म्हणत असल्यासारखे.

काचेआडची ज्योत लहान झाली. वाकडी झाली. विझली.

तिनं काचेतून पुन्हा पुन्हा पाहिलं. मग पंखा लावला आणि मोठ्यानं आकडे मोजले. साठपर्यंत. मागाहून एक आणखी, एकसष्ट. मगच झाकण उचललं.

कोपरा करपला होता. अक्षरं मात्र धारदार होती. तिनं शिक्का शाईच्या गादीवर टेकवून कोऱ्या कागदावर दाबला: ‘यशोधरा सहादू साळवे, शिक्के बनवणाऱ्या.’ एकही काना तुटलेला नव्हता.

“पास,” सर म्हणाले.

बाक वाजले, टाळ्या पडल्या. “आपली हार हाय, ताई,” कानिफनाथ म्हणाला. “मी तर आख्खी शेड पेटवली असती.” ती धावत फोनकडे गेली. दादांना एवढंच विचारायचं होतं, पास झाली का. ती ‘व्हय’ म्हणाली, आणि पलीकडून बराच वेळ नुसतं हुंदक्यासारखं काहीतरी ऐकू येत राहिलं.

ती परतली तेव्हा सगळे चहाला गेले होते. सरांनी कार्डावर सही करून ठेवली होती.

“सर,” ती हसत म्हणाली, “आता तरी एकदा चालवून दाखवा की.”

सरांनी दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं.

“बाई, मी हायस्कुलात ग्रंथपाल होतो,” ते हळूच म्हणाले. “यंत्राचं इंग्रजी पुस्तक मराठीत उतरवून द्यायला मला बोलावलं होतं. मी दारात आलो, तर सगळे उठून उभे राहिले. यंत्राचे सर आले, सर आले. मला नाही म्हणताच आलं नाही. आजवर सव्वीस जणांना पास केलं, पण ते हिरवं बटण मी एकदाही दाबलेलं नाही. मला शिकवाल?”