गोरा साहेब

सव्वीस जानेवारीला शाळेत जंगल सत्याग्रहाचं नाटक बसवायचं ठरलं, पण गोऱ्या साहेबाचं काम घ्यायला एकही पोरगं तयार होईना. "मी नाई बनत जी, मंग सालभर सारे गोऱ्या म्हणून चिडवतेत," असं मिथुननं तोंडावर सांगून टाकलं. शेवटी नाटक लिहिणारे, बसवणारे आणि स्वतःला तालुक्यातला एकमेव नट समजणारे सोनुले गुरुजीच साहेब झाले.

तालमीत ते खुर्चीवर बसूनच साहेबाची वाक्यं म्हणत. नाटकाच्या दिवशी मात्र त्यांनी अर्धा डबा पावडर तोंडाला फासली, जंगल सफारीच्या गाईडची हॅट मागून आणली आणि वर्गातली बांबूची छडी हातात घेतली. ही छडी फक्त धाकापुरती आहे, असं ते दर पालकसभेत सांगत.

पडदा वर गेला. पोरं ऐटीत सरकारी रानातलं गवत कापू लागली. गुरुजी तरातरा आत आले, टेबलावर छडी आपटली आणि गरजले, "कोणाला विचारून चाललंय हे?"

आता पोरांनी 'भारत माता की जय' म्हणत साहेबावर चालून जायचं होतं. पण पुठ्ठ्याचे विळे खाली पडले, सारे सत्याग्रही मुकाट एका ओळीत उभे राहिले आणि प्रत्येकानं तळहात पुढे केला.

"अरे, घोषणा द्या!" गुरुजी दबक्या आवाजात खेकसले.

पोरांनी दुसराही हात पुढे केला.



पहिल्या रांगेतून शाळेत खिचडी शिजवणाऱ्या देवकाबाई म्हणाल्या, "एवढी पावडर काऊन थापली जी गुरुजी? तसेच आले असते तं चाललं असतं!"