हात काढल्यावर

"चालू आहे का हे?" मल-सूनने विचारलं.

"चालूच आहे वहिनी. आवाजसुद्धा पूर्ण वर आहे." तोक-सूने स्पीकरला जोडलेल्या बेस गिटारवरचे दोन्ही हात उचलून दाखवले. "बघा. हात काढला तरी चिडीचूप."

सोल शहराच्या वाद्यबाजारातलं त्याचं दुरुस्तीचं दुकान म्हणजे एक टेबल, दोन स्टुलं आणि श्वास घ्यायला उरलेली जागा. गिटार मल-सूनच्या नवऱ्याची, छांग-सिकची. परवा त्याचं वर्षश्राद्ध. ती त्याच्या फोटोशेजारी ठेवायची होती, जुने साथीदार येऊन वाजवणार होते. वायर खोचायची जागा ढिली झालीय, आवाजच येत नाही, तेवढं नीट करा, असं सांगून मल-सून ती ठेवून गेली होती.

तोक-सूने तेवढंच करायला हवं होतं. पण माणूस मायाळू, आणि मायाळू माणसाचं तेवढ्यावर कधी भागतं? छांग-सिकने त्याला धाकट्या भावासारखं वागवलं होतं. हात काढला की ही बया घुंऽऽ करत बसते, तारांना हात लावला की गप्प, काहीतरी कर हिचं, अशी त्याची कायमची कुरकुर. आणि तोक-सूचं कायमचं उत्तर, पुढच्या वेळी करू, दादा. ती पुढची वेळ आता अशी आली होती. म्हणून त्याने तारांखालचे, त्यांचा आवाज पकडणारे जुने पिकअप काढून घरघर न करणारे नवे बसवले, आत आवाज भरदार करणारा, बॅटरीवर चालणारा छोटा प्रीअँपही घातला.

त्याने एक सूर छेडला. भरदार, खोल सूर आला, टेबलावरचे स्क्रू थरथरले. त्याने पुन्हा हात उचलले. काही नाही.

मल-सूनचा चेहरा पडला. तिने जुने भाग मागितले. काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा ही बाजाराची रीतच, त्यामुळे तोक-सूने ते पिशवीत घालून ठेवलेच होते. तिने पिशवी उघडून पाहिली आणि परत त्याच्यापुढे सरकवली.

"हेच बसवा."

तिला कळलं नसेल असं वाटून तो समजावत बसला. नवे कितीतरी सरस आहेत, दादा असता तर नाचला असता, वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं.

"भावोजी, हे आतल्या खोलीत दार लावून वाजवत बसायचे. मला त्यातलं काय कळतंय? माझं लक्षसुद्धा नसायचं. पण घुंऽऽ ऐकू आलं की समजायचं, हात काढला, आता भूक लागली म्हणत बाहेर येणार. मी नूडल्सचं पाणी ठेवायचे. ते गेल्यापासून रोज संध्याकाळी मीच गिटार लावून ठेवायचे. मग तेही बंद पडलं. म्हणून तर तुमच्याकडे आणली."

तोक-सूला तिच्याकडे बघवेना. त्याने सोल्डरिंग गन तापत ठेवली आणि तारा सैल केल्या. हौसेने घातलेलं सगळं एकेक करून काढलं, जुनं होतं तिथे बसवलं. मल-सून स्टुलावर बसून राहिली.

त्याने वायर खोचली, आवाज वाढवला.

घुंऽऽऽ.

एवढंसं दुकान त्या आवाजाने भरून गेलं. पलीकडच्या गाळ्यातून कुणीतरी ओरडलं, "अहो, हात लावा की कुणीतरी तिला!"

तोक-सूचा हात सवयीने तारांकडे गेला. मल-सूनने त्याचं मनगट धरलं.

"नको."

दोघं नुसती ऐकत बसली. मग ती उठली, कोपऱ्यातल्या किटलीत पाणी भरलं आणि बटण दाबलं.