पवनचक्कीचा खांब

ट्रेलर वळेना. पाठीवर पवनचक्कीचा लांबलचक लोखंडी खांब, आणि कांजूरमार्गच्या कारखान्याबाहेरच्या गल्लीच्या तोंडाशी वेल्डर दशरथच्या घराची भिंत. ड्रायव्हरने मागे-पुढे करून पाहिलं, शेवटी इंजिन बंद केलं आणि बिडी पेटवली.

श्रावणात असेच दोन खांब बाहेर पडले, तेव्हा ट्रेलर आरामात वळला होता. त्यानंतर दशरथनेच भिंत दोन हात पुढे घेतली. गणपतीला खोली पुरत नव्हती, दुसरं काय! आज सकाळीच त्या नव्या भिंतीला लागून दीड दिवसाचा गणपती बसला होता.

"अरे, या खांबाचं वेल्डिंग तूच केलंस ना?" कारखान्याचे सुपरवायझर नंदकिशोर साहेब ओरडले. "लांबी ठाऊक नव्हती तुला?"

"गणपती झाल्यावर माल निघणार म्हणालात ना, साहेब."

"म्हणालो होतो रे! आता वरून फोन आला. तिकडे कोकणात सड्याच्या माळावर क्रेन येऊन उभी आहे. एका रांगेत पवनचक्क्या उभ्या राहणार, मंत्री येणार. मी काय करू?" त्यांचंही खरंच होतं, त्यांना तरी कोण विचारतंय? "दशरथ, भिंत बेकायदेशीर आहे. पोलिसांना बोलवायला लावू नकोस. मूर्ती जरा आत सरकव."

"देव सरकवूचो?" दशरथची बायको शेवंती दारातून कडाडली. "प्रतिष्ठा झाली हा! उद्या उत्तरपूजा होयपर्यंत तेका कोण हात लावूचो नाय. अवो, सांगा ना तुमच्या सायबांक!"

दशरथ काय सांगणार, कपाळ! नोकरी गेटच्या आत, घर गेटच्या बाहेर, दोन्ही गोष्टी साहेबांच्या एका शब्दावर. त्याला रडू येत होतं, पण चारचौघांत रडायचं कसं?

शेवटी ठरलं, मूर्ती जागेवरच राहील, पाठची भिंत तेवढी काढायची. कारखान्यातले चौघे पहार घेऊन आले, पण पहिला घाव घालायला एकही पुढे होईना. सगळेच कोकणातले.

"द्या इकडे," दशरथ म्हणाला. त्याने पहार घेतली, बाजूला ठेवली, चपला काढल्या. मूर्तीपुढे नारळ ठेवून, गावी घालतात तसं, मोठ्याने गाऱ्हाणं घालायला लागला. एकाने देवाला सांगायचं आणि मागच्यांनी होकार द्यायचा, ही तिकडची रीत.

"बा देवा म्हाराजा, लेकराच्या हातान आज तुझ्या पाठची भिंत पडता हा..."

"होय म्हाराजा!"

"माझी चूक झाली, ती पोटात घाल..."

"होय म्हाराजा!"

त्याने नारळावर हात ठेवला. शेवंतीने तोंडात पदर कोंबला.

"ह्यो खांब तुझ्या कोकणात चललो हा, तो वाऱ्यात सरळ उभो रवांदे. आणि जेंनी भिंत पाडूक सांगल्यांनी, तेंचा पण बरा कर..."

"होय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठ्याने नंदकिशोर साहेब म्हणाले.