बोंबलणारं दार

"पिशवी उलटी करा, मालतीबाई," उखा जमिनीकडे बघत म्हणाला.

झाडूवालीच्या पिशवीतून जेवणाचा डबा पडला, तंबाखूची डबी पडली. साडी काही पडली नाही.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," मालतीबाई पुटपुटल्या.

उखाला त्यांच्याकडे बघवेना. दुकानाचा राखणदार तो, त्यामुळे झडतीही त्याच्याच हातून व्हायची.

रिंगरोडवरच्या या साडीच्या दुकानात शेठनी मोठ्या हौसेनं नवं दार बसवलं होतं. प्रत्येक साडीला एक पट्टी. गल्ल्यावरच्या यंत्रानं ती गप्प केल्याशिवाय साडी बाहेर निघाली, की दाराचे दोन खांब रेडिओच्या लहरींनी तिला ओळखायचे आणि बोंब ठोकायचे. सकाळी अगरबत्ती लावून त्याचं बटण दाबायचं, सगळे गेल्यावर बंद करून कुलूप लावायचं, हे काम उखाचं. तरी साड्या जातच होत्या.

"सोमवारपासून मालतीबाईची छुट्टी," शेठ म्हणाले. मग मिशीत हसले. "एक पट्टी सबको दिखती है, उखा. दूसरी फॉल के अंदर सिलवाता हूँ. किसी को नहीं बताया."

तेव्हापासून उखा दिसेल त्या साडीचा फॉल न्याहाळू लागला.

त्यात पल्लवीचं लग्न तोंडावर आलेलं. लेकीचा साखरपुडा झोकात झाला होता. आता बस्ता, म्हणजे दोन्हीकडच्यांनी मिळून लग्नाचे कपडे घ्यायचे. डिंडोलीच्या विहीण मंगलाबाई व्याह्यांच्याच दुकानासाठी अडून बसल्या. "याही ज्या दुकानमा शेतस, तठेच बस्ता फाडूत!"

उखानं सतरा कारणं सांगितली. दुकान महाग आहे, गर्दी फार असते, माल जुना आहे.

"आबा, त्यांना काय वाटेल?" पल्लवीचे डोळे भरले. लेकीपुढे उखाचं कधी चाललं नव्हतं.

रविवारी मंगलाबाई नटूनथटून दुकानाच्या पायऱ्या चढू लागल्या. मागे पल्लवी. उखा धावतच पुढे गेला.

"विहीणबाई, आधी समोर चहा घेऊ या!"

"चहा मांगून, पहिले बस्ता," म्हणत त्या आत शिरल्या आणि दार बोंबललं.

"येणाऱ्यावर कसली बोंब?" मालतीबाई हसल्या. दुकानच हसलं. शेठनी पाहुणीला बाहेर जाऊन पुन्हा आत यायला सांगितलं. पुन्हा बोंब.

शेठचं हसू मावळलं. त्यांनी मालतीबाईंना खूण केली. मालतीबाईंनी वाकून साडीचा काठ उलटला. फॉलच्या शिवणीतून पट्टीचा कोपरा डोकावत होता.

"बेन, आ साडी क्यांथी?" साडी कुठून आणली ते शेठनी हळूच विचारलं.

मंगलाबाईंनी पदर सारखा केला. चारचौघांत साडीची विचारपूस झाली, म्हणून त्यांचा चेहरा खुलला होता.

"हाई? हाई ते साखरपुडामा आमना याहीसनी दिन्ही," त्या म्हणाल्या, आणि कौतुकानं दारातल्या उखाकडे बोट दाखवलं.