भोकांचा सिनेमा

पडद्यावर राजा आला, पण त्याच्या नाकाच्या जागी भोक होतं. मागोमाग प्रधान आला. त्याचे दोन्ही डोळे गेलेले. भोकांतून लख्ख उजेड येत होता आणि काही कळत नसल्यामुळे प्रेक्षक गंभीरपणे माना डोलावत होते. मावशीचा जीव मात्र टांगणीला लागला होता.

पन्नास वर्षांपूर्वी, लग्नाच्या वर्षी, याच सिनेमात तिने दासीचं काम केलं होतं. तीन सेकंदांचं. सिनेमा अर्धा असतानाच निर्मात्याने गाशा गुंडाळला आणि रिळं रद्दीत गेली. ती घेतली हवामान कचेरीने. तिथल्या नव्याकोऱ्या संगणकाला आकडे पट्टीवर भोकं पाडून द्यावे लागत. कागदी पट्टी सारखी फाटायची, फिल्म फाटत नसे. आता भाचीने तीच रिळं हुडकून सात मिनिटांचा लघुपट केला होता. मावशीने सगळ्या जावा-नणंदांना आणून बसवलं होतं. तिने सिनेमात काम केलंय, यावर त्यांचा कधीच विश्वास बसला नव्हता.

आणि ही भोकं पाडणारा कारकून शेजारीच बसला होता. तिचा नवरा! तेही काम त्याला धड जमलं नाही. एकदा त्याच्या पट्टीवरून संगणकाने भर उन्हाळ्यात बर्फ पडेल असं सांगितलं, ते पेपरात छापून आलं, आणि साहेबांनी त्याला स्टेशनरीच्या खोलीत नेऊन बसवलं. निवृत्त होईपर्यंत तो टाचण्या वाटत राहिला. 'साधी भोकं पाडता येत नाहीत,' हे मावशी त्याला रोज ताटाबरोबर वाढत आली होती.

“अगं, उठूया का? गुदमरतंय मला,” नवरा कुजबुजला.

“गप्प बसा. माझ्या तोंडावर भोक निघू दे, मग घरी बघते तुमच्याकडे.”

राणी आली. राणीची हनुवटी गेली. पडद्यावर दासीचं दार उघडलं, आणि मावशीने डोळे गच्च मिटून घेतले.

“अगंबाई, ही तर खरंच तू!” जाऊबाई ओरडल्या.

भाचीने तेवढा तुकडा तीनदा जोडला होता, म्हणून मावशीला दिसला. दासी येते, तबक ठेवते, हसते. कुठेही भोक नाही. दार मिटलं, की पुन्हा भोकंच भोकं.

दिवे लागले. भाची मंचावरून म्हणाली, “अख्ख्या रिळात या तीन सेकंदांवरचेच आकडे गाळलेत. का, ते देव जाणे.”

मावशी सावकाश नवऱ्याकडे वळली.

“म्हणजे तो बर्फ...”

“हात धजला नाही गं,” तो बुटांकडे बघत म्हणाला.

मावशीचे डोळे भरून आले. तिने ते पदराने पुसले आणि त्याच्यावर वटारले.

“जन्मात एक काम धड केलंत, आणि तेच माझ्यापासून लपवलंत!”