सगुणाक्काचा दंड

खोकल्याच्या साथीवरची एकच लस गावासाठी आली होती. कुणाचा श्वास कुणापर्यंत पोहोचतो याचं गणित मांडून आरोग्य केंद्रातल्या संगणकानं ती सगुणाक्का कासारणीला द्यायला सांगितलं.

“माझ्या तान्ह्या पोरीला सोडून हिला?” वैजंतानं विचारलं.

“ही घरोघर समोर बसून बांगड्या भरते. साथ हिच्यापाशी अडली, की तुझ्या पाळण्यापर्यंत वाटच उरत नाही,” सिस्टर म्हणाल्या.

“पोरीलाच द्या हो. जन्मभर बायकांचे हात दाबले, पण सुईला मी भिते,” अक्का म्हणाली.

वैजंतानं मांडीवरच्या पोरीकडे पाहिलं. मग तिनंच अक्काचा हात घट्ट धरून सिस्टरांच्या सुईपुढे केला.

साथ तालुकाभर फिरली. या गावात कुणी खोकलं नाही. अक्का पोरीच्या मनगटात पहिल्या काळ्या बांगड्या चढवत होती, तेव्हा वैजंता तिच्या सुरकुतल्या दंडाकडे बघत राहिली. एवढ्याशा जागेत सगळं गाव मावलं होतं.