आंदणातला ओव्हन

संत्र्याचा बार साधून चार पैसे हाती आले त्या साली वामनरावांनी लेकीला आंदणात ओव्हन दिला, नागपूरहून बसच्या टपावर आणून. आता त्याचं दार लागत नाही असा लेकीच्या सासरहून, सौंसरहून निरोप आला, की स्क्रू पिळायचा पेचकस पिशवीत टाकून ते रामाकोन्याहून निघत. एरवी जायला निमित्तच नव्हतं. मूल होईपर्यंत लेकीच्या घरी जेवायचं नाही, उगीच तिचा उंबरा चढायचा नाही, ही रीत. आणि सासू काही कमलला माहेरी धाडत नव्हती.

दर वेळी बिजागरी कसावी, दार लागलेलं सगळ्यांना दाखवावं, आणि पुढच्या आठवडी बाजारापर्यंत पुन्हा तोच निरोप. आज तर बिजागरीचा स्क्रूच गायब! त्यांनी ओटा झाडला, ओव्हन उलटा केला, शेवटी दार सुतळीनं बांधून पाहिलं. दार आपलं आ वासून.

"काय वस्तू देली इवाई तुमीनं! अख्खी गल्ली हासून राहिली," सासू म्हणाली.

वामनरावांनी सुतळी सोडून घेतली. ते निघायला उठले तशी कमल पाया पडायला वाकली, आणि तिच्या पदराची गाठ त्यांच्या पावलावर टेकली. गाठीत टणक काहीतरी होतं, स्क्रूएवढं. त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिनं मान वर केलीच नाही.



"ईनबाई," पेचकस पिशवीत टाकत वामनराव म्हणाले, "आज काही जमून नाही राहिलं. पुढच्या बाजाराले पुन्हा याच लागन मले."